पाळकाविरुद्धची तक्रार आणि माझी प्रार्थना

नोव्हेंबर २०१९ मधल्या एका बुधवारी संध्याकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बालवाडीत शिकवणारी एक तरुण सेविका माझ्या घरी आली आणि पाण्याचा पेला हातात धरून बराच वेळ काही न बोलता बसून राहिली. तिसरीत असताना ती माझ्या वर्गात होती, त्यामुळे आजही ती मला बाई म्हणते. शेवटी तिने आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला आणि ती म्हणाली, “बाई, तुम्हीच वाचा, माझ्याने बोलवत नाही.” ते संदेश आमच्या पाळकसाहेबांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे होते. पहिल्या काही संदेशांत शास्त्रवचने होती, नंतर तिच्या घरच्या अडचणींची विचारपूस होती, आणि त्यापुढे जे होते ते मी येथे लिहिणार नाही. बालवाडीच्या हिशेबाचे निमित्त सांगून तिला दोनदा संध्याकाळी चर्चच्या कार्यालयात बोलावले गेले होते आणि दुसऱ्या वेळी ती दार उघडून धावत रस्त्यावर आली होती.

मी तेव्हा मंडळीची चिटणीस होते. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची मंडळी आहे, एवढेच सांगते. गावाचे, संप्रदायाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही, कारण अशा तक्रारीतील व्यक्तींची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे आणि त्या मुलीला दिलेला शब्दही मला पाळायचा आहे.

पाळकसाहेब मला कोण होते हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. २०१६ साली माझे यजमान कर्करोगाने गेले. शेवटचे अकरा दिवस त्यांना बोलता येत नव्हते. त्या अकराही रात्री पाळकसाहेब आमच्याकडे आले, खाटेशेजारी बसले आणि त्यांनी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र वाचले. यजमानांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत असत आणि ते पाहून मला धीर येत असे. पहाटे प्राण गेला तेव्हा डोळे मिटवणारा हात पाळकसाहेबांचा होता. त्यामुळे मोबाइलवरचे ते संदेश वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या मुलीविषयी नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. ज्या आवाजाने माझ्या नवऱ्याला मृत्यूच्या दरीतून नेले, त्याच माणसाने हे लिहिले असेल, तर त्या रात्री माझ्या घरात नेमके काय घडत होते, हा तो विचार होता. मुलगी समोर बसली होती आणि मी स्वतःच्या दुःखाकडे पाहत होते. काही क्षणच तसे झाले, पण पुढे मंडळीच्या समितीतल्या माणसांचा राग येऊ लागला की मी ते क्षण आठवत असे, कारण पाळकाचा दोष पाहू न शकणारा माणूस दुष्टच असतो असे नाही, हे मला त्यातून कळले होते. त्याला बहुधा आपलेच काही हरवण्याची भीती वाटत असते.

समितीची बैठक आठवड्याभरात झाली. मी तक्रार वाचून दाखवली. थोड्या शांततेनंतर सर्वांत ज्येष्ठ पंच म्हणाले, “चिटणीसबाई, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ असे शास्त्र सांगते. आपण कोण विचारणारे?” दुसऱ्यांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार घेतला आणि दोन-तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलांवरील, म्हणजे पुढाऱ्यांवरील, आरोप स्वीकारू नये, असे सांगितले. तिसऱ्यांनी क्षमेविषयी प्रभूने पेत्राला दिलेले उत्तर काढले. शेवटी एक शिक्षक, माझे जुने सहकारी, कळकळीने म्हणाले की आपण आधीच मूठभर आहोत, गावात ही गोष्ट पसरली तर ख्रिस्ती माणसाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

शेवटचा मुद्दा मी कधीच हलका मानला नाही. लहान समाजाला आपल्या अब्रूची चिंता असते आणि आमच्याकडे मंडळी म्हणजे केवळ रविवारची उपासना नसते. सोयरीक, शाळेतली नोकरी, अंत्यविधीची जागा, अडीनडीची उसनवारी, सगळे त्याच चार भिंतींत गुंतलेले असते. पाळकाविरुद्ध बोलणे म्हणजे स्वतःच्या मामाविरुद्ध, जावेविरुद्ध आणि मुलीच्या सासरविरुद्ध बोलणे असते. तरी माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला की या अब्रूची किंमत त्या चोवीस वर्षांच्या मुलीनेच एकटीने का मोजावी.

शास्त्रवचनांचे मात्र वेगळे झाले. घरी येऊन मी यजमानांचे जुने पवित्र शास्त्र काढले आणि बैठकीत उच्चारलेले प्रत्येक वचन त्याच्या जागी जाऊन वाचले. ‘अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वाक्य एकशे पाचव्या स्तोत्रात आहे. त्याच्या आधीच्या ओळी अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याविषयी आहेत: ते संख्येने थोडे होते, परके होते, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकत होते आणि त्यांच्यावर कोणी जुलूम करू नये म्हणून देवाने राजांना धमकावले. म्हणजे हे वचन सिंहासनावर बसलेल्यांना उद्देशून, निराधारांच्या बाजूने बोललेले आहे. आमच्या बैठकीत त्या स्तोत्रातल्या भटक्यांच्या जागी कोणी असेल तर ती बालवाडीची सेविका होती. अभिषिक्त राजा शौल आपल्या जिवावर उठला असूनही दाविदाने त्याला मारले नाही, हेही आम्हांला नेहमी सांगितले जाते. परंतु शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात दाविदाने शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, गुहेबाहेर आला, मोठ्याने हाक मारून शौलाचा अन्याय त्याला तोंडावर सांगितला आणि परमेश्वराने आपल्या दोघांत न्याय करावा अशी मागणी केली. हात लावला नाही, तोंड मात्र उघडले.

तीमथ्याच्या पत्रातही बैठकीत सांगितलेल्या एकोणिसाव्या वचनापुढे विसावे वचन आहे, आणि पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष दाखवावा, म्हणजे इतरांनाही भय वाटेल, असे ते सांगते. मत्तयाचा अठरावा अध्याय तर मी त्या रात्री तीनदा वाचला. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करण्याची गोष्ट त्या अध्यायाच्या उत्तरार्धात येते. त्याआधी, लहानांतील एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे त्याच्या हिताचे ठरेल, असे प्रभूचे शब्द आहेत, आणि मधल्या वचनांत अपराध करणाऱ्या भावाला आधी एकांतात, मग साक्षीदारांसह आणि शेवटी मंडळीपुढे सांगण्याचा क्रम घालून दिला आहे. चाळीस वर्षे मी संडे स्कूलमध्ये हा अध्याय शिकवत आले आणि तो सलग एकदाही शिकवला नव्हता.

समितीने तक्रार पुढे पाठवण्यास नकार दिला. उलट मुलीच्या वडिलांना बोलावून काही रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याचे सुचवण्यात आले. त्यानंतर आम्ही दोघी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात गेलो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चर्चच्या बालवाडीलाही लागू होतो हे मला तोवर माहीत नव्हते. दहापेक्षा कमी माणसे काम करत असतील अशा ठिकाणी अंतर्गत समिती नसते, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावे जोडायची असतात. समेट करायचा झाल्यास तो फक्त तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या विनंतीवरूनच होऊ शकतो आणि पैसा हा त्या समेटाचा पाया असू शकत नाही, हेही तेथे कळले. ही तरतूद वाचल्यावर ती मुलगी प्रथमच सरळ बसली. आपल्या वडिलांनी रक्कम नाकारली ते बरोबर केले, असे तिला कोणीतरी अधिकाराने सांगण्याची गरज होती आणि ते सरकारी कागदाने सांगितले. मंडळीने सांगितले नाही, याची मला आजही लाज वाटते.

जानेवारी २०२० मध्ये तक्रार दाखल झाली. नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण व्हावी असा नियम आहे, पण मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सारे थांबले. त्या काळात पाळकसाहेब दर रविवारी मोबाइलवरून उपासना घेत होते आणि माझ्या शेजारच्या घरातून त्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

तेव्हापासून माझी प्रार्थना बंद पडली. देव नाही असे मला वाटले नाही, आणि रागाने मी काही सोडलेही नाही. झाले असे की जे जे वचन मी मनात आणी ते त्यांच्याच आवाजात येई. वीस वर्षे त्यांचा आवाज ऐकला होता. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, प्रभूची प्रार्थना, आशीर्वादवचन, सगळ्याला तोच स्वर, तेच थांबणे, तोच हात वर करणे चिकटलेले होते. डोळे मिटले की ते समोर उभे राहत. जेवणाआधीचे दोन शब्दही मला म्हणवेनात. जे यातून गेले नाहीत ते म्हणतात की माणसाकडे पाहू नका, प्रभूकडे पाहा. ते खरे आहे. पण मला जो प्रभू माहीत होता तो माणसांनीच सांगितला होता, आईने, संडे स्कूलच्या बाईंनी, आणि सर्वांत जास्त त्या पाळकांनी. त्यांना वेगळे काढून उरलेल्याकडे पाहायचे कसे, हे त्या वाक्यात कोणी सांगत नाही.

मग जी वचने मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती तेथून मी सुरुवात केली. पहाटे उठून, यजमानांच्या पुस्तकातून, मोठ्याने, माझ्या आवाजात एकेक स्तोत्र वाचू लागले, आणि ज्यांवर वीस वर्षांत एकदाही उपदेश झाला नव्हता अशी स्तोत्रे निवडू लागले. ती बरीच निघाली. यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय, ज्यात मेंढरांना न चारता स्वतःच चरणाऱ्या मेंढपाळांवर देव उठतो आणि आपली मेंढरे आपणच शोधीन असे म्हणतो, तोही आमच्या व्यासपीठावरून कधी वाचला गेल्याचे मला आठवत नव्हते. तेविसावे स्तोत्र मी टाळले. ते सव्वा वर्ष तसेच राहिले.

याच सुमारास माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा पाळकसाहेबांनीच २०१८ मध्ये केला होता. तिने रडत विचारले, “मावशी, तो बाप्तिस्मा धरायचा की नाही? परत करून घ्यावा का?” मला लगेच उत्तर देता आले नाही. मी आमच्या एका निवृत्त धर्मशास्त्र-शिक्षकांना पत्र लिहिले आणि त्यांनी मला चौथ्या शतकात नेले. रोमन बादशहा डायोक्लेशियनने इ. स. ३०३ पासून चालवलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्माधिकाऱ्यांनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले होते. छळ संपल्यावर तेथल्या डोनाटस या बिशपाच्या अनुयायांनी असे म्हटले की अशा कलंकित हातांनी दिलेली धर्मसेवेची दीक्षा आणि त्यातून पुढे झालेले बाप्तिस्मे व्यर्थ आहेत. हा वाद शंभर वर्षे चालला आणि ४११ साली कार्थेजला दोन्ही पक्षांचे शेकडो बिशप समोरासमोर बसले. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांचे म्हणणे असे होते की बाप्तिस्मा देणारा खरोखर ख्रिस्तच असतो. पाणी ओतणारा कोणीही असो, देणगी त्याच्या मालकीची नसते, म्हणून ती त्याच्या पापाने बाटत नाही.

भाचीला मी हे सांगितले आणि तिचे समाधान झाले. माझे अर्धेच झाले, कारण याच शिकवणीचा आधार घेऊन आमचे पंच मला गप्प बसवू पाहत होते: पाळक कसाही असो, प्रभुभोजन तर खरे आहे ना, मग तक्रार कशाला? याचेही उत्तर त्या शिक्षकांच्या दुसऱ्या पत्रात आले. इंग्लंडच्या मंडळीने १५७१ मध्ये कायम केलेल्या एकोणचाळीस कलमांपैकी सव्विसावे कलम याच प्रश्नावर आहे. त्याचा पहिला भाग सांगतो की सेवकाच्या अयोग्यतेमुळे बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा संस्कारांचे फळ नाहीसे होत नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की तरीही दुराचारी सेवकांची चौकशी करणे, ज्यांना त्यांचे अपराध माहीत आहेत त्यांनी आरोप मांडणे आणि दोष सिद्ध झाल्यावर त्यांना पदावरून दूर करणे हे मंडळीच्या शिस्तीचेच अंग आहे. एका श्वासात दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत आणि लोक पहिल्या गोष्टीवरच थांबतात.

यातून माझ्या यजमानांच्या खाटेशेजारच्या त्या अकरा रात्रीही मला हळूहळू परत मिळाल्या. वाचणारा माणूस कसा होता याचे उत्तर त्याला द्यावे लागेल; वाचलेले स्तोत्र त्याचे नव्हते, आणि ज्याचे होते तो खोलीत होता.

चौकशीच्या काळात मला आपल्याच मातीतल्या माणसांचा फार आधार वाटला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला आणि अवघ्या दोन वर्षांत, ज्या ख्रिस्ती संन्यासिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांनाच त्यांनी लिहून कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे आणि तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची माझी इच्छा नाही. ख्रिस्ताला त्यांनी जन्मभर सोडले नाही. केडगावची मुक्ती मिशन त्याची साक्ष देत उभी आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळावा उभा केला. या दोघांपुढचा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा होता, कोणाच्या दुराचाराचा नव्हता. तरी धर्माधिकाऱ्यांची आज्ञा आणि ख्रिस्तावरची निष्ठा या एकच गोष्टी नाहीत, हे मराठी ख्रिस्ती माणसाला पहिल्या पिढ्यांपासून ठाऊक आहे, एवढे मला त्यांच्याकडून घेता आले.

स्थानिक समितीचा अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये आला. संदेश खरे ठरले, तक्रार सिद्ध झाली. त्यानंतरही वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी पाळकसाहेबांची सेवा काढून घ्यायला आणखी सात महिने लावले. त्या मधल्या काळातच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, प्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांच्या लैंगिक दुराचाराविषयीचा अहवाल त्यांच्याच संस्थेने प्रसिद्ध केला. चेन्नईत जन्मलेल्या आणि दिल्लीत वाढलेल्या या वक्त्याची भाषणे आमची तरुण मुले मोबाइलवर ऐकत असत. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा आमच्या युवकसंघाने प्रार्थनासभाही घेतली होती. त्यांच्या हयातीत, २०१७ मध्ये, एका स्त्रीने तक्रार केली होती आणि तेव्हा संस्था त्यांच्याच पाठीशी उभी राहिली होती. अहवालानंतर माझ्याशी वर्षभर न बोललेले ते शिक्षक-सहकारी माझ्या दारात आले. ते आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, “आपल्याच गावात असे घडते असे मला वाटत होते. तिथेही सगळ्यांनी असेच केले.” मी त्यांना चहाला बोलावले, पण ते मान हलवून निघून गेले.

प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली तेव्हा मी चर्चमध्ये गेले नाही. ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली, तोवर नवे पाळक आले होते. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी गेले आणि नेहमीच्या जागी न बसता मागच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाच्या वेळी प्याला देण्यासाठी नव्या पाळकांच्या शेजारी तेच ज्येष्ठ पंच उभे होते, ज्यांनी अभिषिक्तांचे वचन म्हटले होते. मी बाकाचा काठ धरून बसले होते. शेवटची रांग संपत आली तेव्हा उठले. त्यांचे हात वयाने थरथरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. प्याला माझ्या ओठांशी धरला आणि ‘ख्रिस्ताचे रक्त’ हे शब्द त्यांना उच्चारता आले नाहीत, म्हणून ते मीच हलक्या आवाजात म्हटले आणि प्याले. त्यांनी माझी क्षमा मागितलेली नाही. त्या मुलीचीही नाही, आणि तिची मागावी असे मी त्यांना दोनदा स्पष्ट सांगितले आहे.

ती मुलगी चर्चमध्ये येत नाही. बालवाडी तिने सोडली, आता ती दुसऱ्या शाळेत शिकवते. का येत नाहीस असे मी तिला विचारत नाही आणि दुसऱ्यांनी विचारले तर त्यांना थांबवते. बुधवारी संध्याकाळी मात्र ती माझ्याकडे येते. आम्ही दोघी आळीपाळीने एकेक स्तोत्र वाचतो. गेल्या महिन्यात तिची पाळी होती आणि तिने पंचावन्नावे उघडले, ज्यात स्तोत्रकार म्हणतो की शत्रूने हे केले असते तर मी सोसले असते, पण तो तू होतास, माझा सोबती, आणि आपण बरोबर देवाच्या घरी जात असू. ती तेथे थांबली. मी पुढे वाचू का, असे विचारले तेव्हा तिने मान हलवली, डोळे पुसले आणि उरलेले स्तोत्र तिनेच पूर्ण वाचले. मग पुस्तक माझ्याकडे देत म्हणाली, “बाई, आता तुम्ही तेवीस वाचा. तुमच्या आवाजात ऐकायचे आहे.”

मी वाचले.